उधळपट्टीचा आळ

मागील अंकात एका ज्येष्ठ सभासदांनी बऱ्हाणपुरातील मराठी मध्यमवर्गाच्या उतरणीची कारणमीमांसा केली आहे. लेख कळकळीचा आहे, भाषा देखणी आहे आणि त्यातील निष्कर्ष आम्हांस सर्वस्वी अमान्य आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : वाडवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन घरे उभी केली, नातवंडांनी हप्त्यांवर मोटारी घेतल्या, उपाहारगृहांची पायरी झिजवली, लग्नांत लाखांचा चुराडा केला आणि घराण्यांचा वासा खिळखिळा झाला. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही शिकवण सुटली म्हणून मध्यमवर्ग बुडाला.

हे मत त्यांचे एकट्याचे असते तर आम्ही लेखणी उचलली नसती. गणेशोत्सवाच्या मंडपात, कार्यालयातील पंगतीत, संध्याकाळी राजघाटावर बसणाऱ्या निवृत्तांच्या मेळ्यात हेच ऐकू येते. ऐकणारे माना डोलावतात. त्यात सांगणाऱ्याची सोय मोठी आहे. आपण जे मिळवले ते आपल्या संयमाने, आणि पुढच्यांनी जे गमावले ते त्यांच्या हावेने, असा हिशेब मांडला की आपल्याकडे जमेची बाजू तेवढी उरते. आम्हीही साठी ओलांडलेली आहे. तरुणांचे वकीलपत्र आम्ही घेतलेले नाही. परंतु हा हिशेब खोटा आहे, आणि खोट्या हिशेबावर आपली संस्था ठराव करू पाहत आहे. त्या ठरावाकडे पुढे येऊच.

आमच्या वडिलांची जमाखर्चाची वही आमच्याजवळ आहे. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि वही सत्तरीच्या दशकातील आहे. दूध, वाणी, रॉकेल, इस्त्री, भिशी, वर्षातून दोनदा कापड, आयुर्विम्याचा हप्ता, देवळात अभिषेक, आजीचे वर्षश्राद्ध. प्रत्येक पैसा टिपलेला. आमच्या मुलांच्या लहानपणी ही वही आम्ही त्यांना आदर्श म्हणून दाखवीत असू, आणि ती बिचारी मुकाट्याने पाहत असत. परवा नातीच्या शिक्षणासाठी मुलाने कर्जाचे कागद भरले, त्या रात्री आम्ही ती वही पुन्हा काढली. या खेपेस तिच्यात जे लिहिलेले नाही ते दिसले.

शाळेची फी निराळी लिहिलेलीच नाही. ती वह्या-पेन्सिलींच्या ओळीत मिसळून गेली आहे. शिकवणीचे नाव नाही. थोरले बंधू महाविद्यालयात गेले त्या वर्षीही खर्चाचा ताळेबंद हलत नाही. डॉक्टर वर्षातून तीन-चार वेळा येतात, तेही किरकोळ रकमेत; आईची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झाली, त्या महिन्यात फळे आणि टांग्याचे भाडे तेवढे वाढलेले आहे. बचतीचे खाते तर वहीत नाहीच. भविष्यनिर्वाह निधी पगारातून आधीच कापला जाई, घरी येई ती उरलेली रक्कम. त्याच निधीतून पुढे घराला उचल मिळाली. वडील काटकसरी होते यात संशय नाही. पण ज्या पैशाने घर बांधले तो त्यांच्या हातात कधी पडलाच नव्हता, मग तो उडवण्याचा मोह आवरण्याचा प्रश्न कोठे आला?

ज्याला आपण त्या पिढीचा संयम म्हणतो त्यातला मोठा भाग कायद्याचा होता. १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा, १९५२ चा भविष्यनिर्वाह निधीचा कायदा, १९५६ साली आयुर्विम्याचे व १९६९ साली मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण, १९६५ चा बोनस कायदा, महागाईबरोबर वाढणारा भत्ता, निवृत्तीनंतर मरेपर्यंत आणि मेल्यावर पत्नीस मिळणारे वेतन. एवढी तटबंदी चहूबाजूंनी असता मनुष्य महिना अखेरीस वाण्याची उधारी टाळू शकला, हे कौतुकास्पद असले तरी पराक्रम नव्हे.

लालबागचीच गोष्ट घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे ताप्ती मिल उभी राहिली. खासगी मालकीत तिची दुरवस्था झाली तेव्हा १९७४ च्या कायद्याने देशातील आजारी गिरण्यांबरोबर तीही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. मिलमध्ये आपल्यापैकी जी माणसे होती ती मुख्यतः हिशेबनीस, टाइमकीपर, कापडखात्यातले तपासनीस. साच्यावर आणि मागावर निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे. भोंग्यावर शहराची घड्याळे लागत. बोनस वाटला गेला की गांधी चौकात दिवाळी खरी सुरू होई. सोनार, शिंपी, भांडीवाला सगळे त्या एका तारखेकडे डोळे लावून असत. मिलमधील नोकरदाराच्या मुलाला बँक कर्ज देई, मुलीला स्थळ येई, किराणावाला वही उघडी ठेवी. कारण एकच, पुढच्या महिन्याच्या सात तारखेला पगार होणार याबद्दल कोणाला शंका नसे. मध्यमवर्ग म्हणजे उत्पन्नाचा आकडा नव्हता. सात तारखेची खात्री होती.

आपल्या घराण्यांना हे तरी ठाऊक असावयास हवे, कारण आपली येथील सर्व हकिकत अशा खात्र्यांची आहे. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर निजामाने असीरगड व बऱ्हाणपूर पेशव्यांना दिले. पुढे शिंद्यांचा अंमल बसला, आणि त्या अंमलाबरोबर कमाविसदार, फडणीस, कुलकर्णी, पुजारी असे आपले पूर्वज तापीकाठी स्थिरावले. त्यांना वतन होते, इनाम होते, सनद होती. १८६० च्या सुमारास शहर इंग्रजांकडे गेले, सनदांचे कागद बदलले, पण कित्येकांची मालगुजारी टिकली. १९५१ साली मध्य प्रदेशातील मालकी हक्क रद्द झाले तेव्हा तीही संपली. ते योग्यच झाले, कारण त्या खात्रीचा भार दुसऱ्याच्या पाठीवर होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि मराठीचे राजभाषापण गेले. एवढ्या पडझडीतून आपण तरलो ते कसे? मागील लेखकाला वाटते, संस्कारांनी. संस्कार होतेच, पण वतन गेल्यावर लगेच हाताशी पगाराची नोकरी होती म्हणून आपण तरलो. एका खात्रीवरून दुसरीवर पाय ठेवला. आज ज्या तरुणाला आपण उधळ्या म्हणतो त्याला पाय ठेवायला पुढची पायरी दाखवा, मग बोला.

कर्जबाजारी माणसाला उधळा ठरवण्याची रीत नवी नाही. मराठी मुलखात तिचा एक जुना खटला होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही लागलेला आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला. खानदेश-वऱ्हाडातील जुन्या घरांत त्या तेजीच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आहेत. युद्ध संपले, भाव कोसळला. दख्खनेत त्याच सुमारास फेरपाहणी होऊन सारा वाढवला गेला, आणि शेतकरी सावकाराच्या दारात गेला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांची खतपत्रे जाळली. दंगे नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. तेव्हा साहेब अधिकाऱ्यांपासून शहरी सुशिक्षितांपर्यंत अनेकांचे एक ठरलेले उत्तर होते : कुणबी लग्नाकार्यात पैसा उडवतो म्हणून बुडतो. सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाने खाती तपासली आणि आपल्या अहवालात स्वच्छ नोंदवले की लग्नसमारंभाच्या खर्चाला अवास्तव महत्त्व देण्यात आले आहे. तो कर्जाच्या खात्यातील एक बाब आहे, पण कर्जाचे मूळ क्वचितच त्यात असते. मूळ शोधावयाचे तर साऱ्याचा वाढलेला आकडा, लहरी पाऊस, व्याजाचा दर आणि सावकाराच्या बाजूने चालणारी न्यायालये यांच्याकडे पाहावे लागत होते. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला तो याच चौकशीच्या पाठोपाठ. परक्या सरकारच्या आयोगाला जे खाती पाहून कळले, ते आपल्याला आपल्या नातवंडांची खाती पाहून कळू नये?

मग खातीच पाहू. मार्च २०२४ मध्ये नितीन कुमार भारती, लुका शान्सेल, तोमा पिकेटी आणि अनमोल सोमंची या अभ्यासकांनी १९२२ पासूनच्या शंभर वर्षांतील भारतातील उत्पन्नाच्या वाटणीचा निबंध प्रसिद्ध केला. भारतातील आकडेवारी अपुरी आहे हे ते स्वतःच सांगतात. तरी दिशा अशी आहे की शंका घेणाऱ्यालाही थांबावे लागते. १९८२ साली देशाच्या उत्पन्नातील दर शंभर रुपयांपैकी वरच्या १० टक्के लोकांकडे ३०.१ रुपये जात होते, मधल्या ४० टक्क्यांकडे ४६.२ आणि खालच्या अर्ध्या लोकांकडे २३.६. २०२२-२३ मध्ये वरच्यांकडे ५७.७, मधल्यांकडे २७.३, खालच्यांकडे १५. चाळीस वर्षांत वरच्यांचा वाटा साडेसत्तावीस रुपयांनी वाढला आणि त्यातले जवळजवळ एकोणीस रुपये मधल्यांच्या वाट्यातून गेले. अगदी वरच्या एक टक्क्याचा हिस्सा ६.१ वरून २२.६ झाला. हे एकोणीस रुपये पिझ्झ्यावर खर्च झाले नाहीत. ते हातात आलेच नाहीत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वाटा घटला तरी परात मोठी झाली. १९८२ च्या मानाने आज प्रत्येकाच्या घरात अधिक वस्तू आहेत. खरे आहे. पण घरातल्या वस्तूंनी संसार चालत नाही. दूरचित्रवाणी संच, भ्रमणध्वनी, दुचाकी या गोष्टी मिळकतीच्या मानाने स्वस्त झाल्या. महाग झाली ती तीन खाती : शिक्षण, औषधोपचार आणि जागा. या तिन्हींचे भाव वरच्या दहांच्या ऐपतीवर ठरतात, कारण तेथे रांग आहे आणि रांगेत जास्त देणारा पुढे जातो. वैद्यकीय महाविद्यालयातील जागा, इंदूर-पुण्यातील दोन खोल्या, जळगाव वा औरंगाबादच्या रुग्णालयातील खाट, यांची संख्या आपल्या काटकसरीने वाढत नाही. वरच्याची मिळकत दुप्पट झाली की या जागांचा भाव चढतो, आणि मधल्याची मिळकत तेवढीच असली तरी त्याच्या लेखी ती घटलेली असते.

राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीने हेच निराळ्या बाजूने दाखवले आहे. शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा २०११-१२ मध्ये ४२.६ टक्के होता, तो २०२२-२३ मध्ये ३९.२ वर आला. जर्मन सांख्यिक एर्न्स्ट एंगेल याने १८५७ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे हे सुबत्तेचे लक्षण. उत्पन्न वाढले की अन्नाचा हिस्सा कमी होतो. वर्तमानपत्रांनी तसेच छापले. पण अन्नातून सुटलेला रुपया कोठे जातो तेही पाहिले पाहिजे. बऱ्हाणपुरातला मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी इंदूरच्या भंवरकुआँ भागात खोली घेऊन राहतो. खोलीभाडे, मेस, क्लास, वाचनालयाची खुर्ची, आणि तीही दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. त्याची धाकटी बहीण 'नीट'साठी कोट्याला. आजोबांच्या डायलिसिसला आठवड्यातून दोन फेऱ्या. एंगेलच्या काळी यांना सुबत्ता म्हणता आले असते की नाही, आम्हांस ठाऊक नाही. आमच्या लेखी ही खंडणी आहे.

म्हणूनच बचत आटली. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे घरगुती निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या साडेअकरा टक्क्यांच्या आसपास होती. साथीच्या वर्षी खर्चायला वावच नव्हता, म्हणून तो आकडा फुगलेला. पण २०२२-२३ मध्ये ती सुमारे ५ टक्क्यांवर आली आणि गेल्या कित्येक दशकांतील नीचांक ठरली. मागील लेखकाने हाच आकडा तरुणांच्या उधळेपणाचा पुरावा म्हणून दिला आहे! कर्ज काढणारे सगळे मोटारीच घेतात असे त्यांना वाटते. त्यांनी एकदा सराफ्यात जाऊन बसावे. २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा ओलांडला. त्या भावात मंगळसूत्र तारण ठेवायला आलेल्या बाईला तिचे कारण विचारावे. फी आणि रुग्णालय, हीच दोन उत्तरे वारंवार मिळतील.

आता लग्नांविषयी. येथे मात्र आम्ही मागील लेखकाशी अर्धे सहमत आहोत, आणि अर्धेच. आपल्या लग्नांना भलते वळण लागले आहे. हळदीला वेगळा मंडप, संगीताला वेगळा, वरातीला डीजे, छायाचित्रकाराचा ड्रोन. ज्या घरात कालपर्यंत सीमांतपूजन आणि पंगत एवढ्यात कार्य उरकत असे त्या घरात आज चार दिवसांचा सोहळा. हे बेगडी आहे आणि ते थांबले तर आम्हांस आनंदच होईल. पण हा रोग खालून वर चढलेला नाही. केळी-कापसाच्या व्यापारात, जमिनींच्या सौद्यांत, शहरातून निघून परदेशी गेलेल्या मिळकतीत ज्यांनी अमाप कमावले त्यांनी प्रथम ही पायरी घातली. त्यांच्या खालच्याने तिच्याकडे पाहून आपली उंची मोजली, त्याच्या खालच्याने त्याच्याकडे पाहून. विषमता वाढली की शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही लाज राखण्यासाठी अधिक मोजावे लागते. मुलीचे लग्न साधेपणाने करणाऱ्या बापाला 'तत्त्वनिष्ठ' म्हणतात, तो श्रीमंत असेल तर. तो मध्यम असेल तर 'बसला वाटतं' म्हणतात. आपल्याच पंगतीत हे वाक्य आम्ही ऐकले आहे, आणि बोलणारी व्यक्ती काटकसरीवर व्याख्यान देऊन नुकतीच बसली होती.

येथवर आम्ही 'मध्यमवर्ग' हा शब्द आपण सारेच वापरतो तसा वापरला. आता तो जरा उलटून पाहावा लागेल, आणि ते वाचकांस रुचणार नाही. वर सांगितलेल्या निबंधात २०२२-२३ साली मधल्या ४० टक्क्यांतील प्रौढ व्यक्तीचे सरासरी वार्षिक उत्पन्न सुमारे १ लाख ६५ हजार आहे, म्हणजे महिन्याला चौदा हजारांच्या आत. वर्षाला सुमारे २ लाख ९० हजारांच्या पुढे गेलात की तुम्ही वरच्या दहांत बसता. २०२५ च्या अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त झाले तेव्हा 'मध्यमवर्गाला दिलासा' असे मथळे आले. तो दिलासा कोणाला? आणि पुढचे उत्तर जास्त बोचरे : महिना चाळीस हजार निवृत्तिवेतन घेणारे आपण, या बुलेटिनाचे लेखक आणि बहुतेक वाचक, मोजणीत मध्यम नाहीच. आपण वरच्या दहांत आहोत. खरा मधला माणूस बऱ्हाणपुरात कोण आहे? मीटरच्या दराने पावरलूमवर बारा तास उभा राहणारा, औषधाच्या दुकानातला मदतनीस, कुरिअर वाटणारा पदवीधर. आणि आपल्या घरातही आहे. सासू सरकारी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, तिला वेतन, भत्ता, वैद्यकीय देयके. सून तेच गणित खासगी शाळेत शिकवते, सासूच्या निवृत्तिवेतनाच्या चौथाईवर, उन्हाळ्याच्या सुट्टीचे दोन महिने वजा. घर एक, विषय एक, वर्ग दोन. आणि संध्याकाळी खर्चावरून बोलणी कोण कोणाला देते?

ही दरी आपोआप पडली नाही. केंद्राच्या नव्या नोकरदारांचे जुने निवृत्तिवेतन १ जानेवारी २००४ पासून बंद झाले, मध्य प्रदेशात १ जानेवारी २००५ पासून. त्या वेळी आपल्या मंडळांत, सभांत, या बुलेटिनात एक ओळ तरी निषेधाची आली का? आम्ही जुने अंक चाळले, आली नाही. आमचीही नाही. ज्यांचे वेतन जायचे होते ते अजून नोकरीला लागले नव्हते, आणि ज्यांचे टिकणार होते ते निश्चिंत होते. गिरणी कामगारांच्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली ठरली ती महिना एक हजार रुपये. आपण ती बातमी वाचली आणि पान उलटले. विणकरांच्या मजुरीच्या वाटाघाटी शहरात वर्षानुवर्षे चालतात, माग बंद पडतात, मोर्चे निघतात. आपल्याला त्याचा त्रास एवढाच की शनवाऱ्याला वाहने अडकतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या, जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि छोट्या मागवाल्यांची रोखीने फिरणारी घडी दोनदा विस्कटली. आपण शिस्तीचे कौतुक केले.

आणि मार्च २०२०. टाळेबंदीत ताप्ती मिल थांबली, आणि टाळेबंदी उठल्यावर शहर सुरू झाले तरी मिल सुरू झाली नाही. नेपानगरचा कागद कारखाना २०१६ मध्ये उत्पादन थांबवून २०२२ मध्ये पुन्हा चालू झाला, तेव्हा आशा वाटली की लालबागचेही दिवस फिरतील. वर्षे गेली. कामगारांनी निवेदने दिली, धरणी धरली. आपल्या मंडळींत त्याबद्दल जे ऐकू येई ते असे, की सरकारी गिरण्या तोट्यातच चालायच्या, कामगार आळशी, युनियनने खाल्ले. ज्यांचे वडील त्याच मिलच्या पगारावर शिकले त्यांच्या तोंडून आम्ही हे ऐकले. गिरणी आधुनिक करावी की विकावी की बंद करावी यावर दुमत असू शकते. ती किफायतीची राहिली नव्हती असे म्हणणाऱ्यांकडेही कारणे आहेत. पण गिरणीबरोबर सात तारखेची जी खात्री गेली तिच्या जागी काय आले, हे विचारणे तरी आपले काम होते. केवळ आठवणी लिहिणे आपले काम नव्हते. गेल्या पाच-सहा वर्षांत 'लालबागचा भोंगा' या छापाचे स्मरणरंजनाचे लेख आपल्याकडे आले, छानही होते. भोंगा आठवणारा एकही लेखक फंडाच्या थकबाकीबद्दल बोलत नाही.

तेव्हा आता ठरावाविषयी. येत्या वार्षिक सभेपुढे 'विवाहखर्च-मर्यादा आणि काटकसर-प्रबोधन' असा ठराव येणार आहे. सभासदांनी प्रतिज्ञापत्र भरावे, ठरावीक संख्येहून अधिक पाने वाढू नयेत, तरुणांसाठी बचतीवर व्याख्यानमाला घ्यावी, आणि व्याख्यानमालेसाठी राखीव ठेवीच्या व्याजातून तरतूद करावी. पानांच्या संख्येला आमचा विरोध नाही; पाने कमी झाली तर आचाऱ्याखेरीज कोणाचे बिघडणार नाही. विरोध आहे तो व्याख्यानमालेला आणि त्या ठेवीला हात घालण्याला. चौदा हजार मिळवणाऱ्या मुलाला चाळीस हजार निवृत्तिवेतन घेणाऱ्याने बचतीचे धडे द्यावेत, आणि ते धडे देण्यासाठी संस्थेचे व्याज खर्चावे, हा प्रकार ऐकायलाही बरा वाटत नाही.

ती ठेव ज्यांनी ठेवली ते मालगुजार, वकील, मास्तर आज नाहीत. त्यांनी ती 'ज्ञातिबांधवांच्या विद्यार्थ्यांसाठी' म्हणून ठेवली होती. त्या काळची भाषा तशी, आज 'ज्ञाति' काढून टाकावी. आमची सूचना अशी आहे की व्याजाची संपूर्ण रक्कम शुल्कासाठी बिनव्याजी उचल म्हणून द्यावी, मराठी-अमराठी न पाहता, आणि पहिला हक्क बंद गिरणीतील कामगारांच्या व मागकऱ्यांच्या मुलांचा असावा. मुलगा नोकरीला लागल्यावर परत करील. काही जण करणार नाहीत, तेवढे धरून चालावे. दुसरे, संस्थेच्या इमारतीतील वरची दोन दालने वर्षातून दहा महिने कुलूपबंद असतात. तेथे टेबले, दिवे आणि पंखे लावून सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिका उघडावी, म्हणजे भंवरकुआँला खुर्चीचे भाडे भरायला निघालेल्या दोन-पाच मुलांचे तरी वर्ष येथेच निघेल. तिसरे, गिरणीच्या थकीत देण्यांबाबत आणि खासगी शाळांतील शिक्षकांच्या वेतनाबाबत संस्थेने आपल्या नावाने निवेदन द्यावे. साहित्य संस्थेचा याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ज्या सुनेला महिन्याचे शेवटचे दहा दिवस उसने मागावे लागतात तिने आपल्या बुलेटिनाची वर्गणी कशातून भरावी, हे त्याने आधी सांगावे.

ही उपसूचना आम्ही लेखी दिली आहे. अनुमोदनासाठी दोन सह्या लागतात. हा मजकूर छपाईस जाईपर्यंत एक मिळाली आहे, आणि ती एका निवृत्त टाइमकीपरच्या विधवा पत्नीची आहे. दुसरी सही सभेच्या आदल्या दिवसापर्यंत चालते.